मूठभर धान्याची शिष्यवृत्ती : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवनकार्य

जैन आचारधर्माने श्रावकासाठी जी षट्कर्मे सांगितली, त्यांत देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम व तप यांच्या जोडीला दान हे सहावे कर्म सांगितले आहे. या दानाचे आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चार प्रकार मानले जातात. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध, अज्ञाला विद्या आणि भयभीताला निर्भयता देणारा श्रावक आपल्या परिग्रहाची मर्यादा ओळखतो व त्याबरोबरच स्वतःच्या आत्म्याचेही कल्याण साधतो, अशी आपली परंपरा आहे. विसाव्या शतकातील महाराष्ट्रात ही चारही दाने एकाच छपराखाली, एकाच पंगतीत आणि जातिधर्माचा भेद न मानता ज्या थोर पुरुषाने घडवून आणली, ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील.

देणगीदारांची नावे शिलाफलकांवर कोरली जातात व ते योग्यही आहे. परंतु दळणाला बसण्यापूर्वी मूठभर जोंधळा बाजूला काढून ठेवणाऱ्या माउलीचे नाव कोणत्याही फलकावर नसते. भाऊरावांच्या संस्थेचा पाया अशाच असंख्य मुठींनी घातला गेला. म्हणून त्यांचे चरित्र हे एका कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र आहे, तसेच ते त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या नामवंत व अनामिक सेवकांचेही चरित्र आहे.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. कुंभोजच्या परिसरातील बाहुबली डोंगर हे जैन बांधवांचे श्रद्धास्थान आहे. पाटील घराण्याचे मूळ दक्षिणेतील मूडबिद्री येथील मानले जाते. पुढे हे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते, तर आई गंगाबाई या धर्मपरायण व करारी स्वभावाच्या होत्या. वडिलांच्या नोकरीच्या निमित्ताने कुटुंबाला निरनिराळ्या गावी राहावे लागले आणि त्यामुळे लहानग्या भाऊला खेड्यातील जीवन अगदी जवळून पाहावयास मिळाले.

या पाहण्यातूनच त्यांच्या मनात अन्यायाची चीड निर्माण झाली. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना पाणी भरू दिले जात नाही, तहानलेली माणसे दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत तिष्ठत उभी राहतात, हे दृश्य त्यांना सहन होईना. त्या विहिरीचा रहाट मोडून त्यांनी आपला संताप व्यक्त केला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. अहिंसा म्हणजे केवळ जीव न मारणे नव्हे, जिवाला तळमळत ठेवणे हीदेखील हिंसाच होय, हा बोध या मुलाला ग्रंथवाचनापूर्वीच झाला होता.

कोल्हापूरचे दिवस

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तो काळ दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा होता. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती आणि शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणासाठी वसतिगृहे उभारण्याच्या कार्याला वेग आला होता. राजर्षी शाहू महाराज तर विविध समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती व वर्षासने देऊन कोल्हापूरला वसतिगृहांची जननी बनवीत होते. गरीब मुलाला शाळेपेक्षाही आधी राहण्या-जेवण्याची सोय हवी असते, हे शाहू महाराजांनी ओळखलेले सूत्र भाऊरावांनी तेथे प्रत्यक्ष अनुभवले.

परंतु याच बोर्डिंगमध्ये त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग घडला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्या काळच्या रूढीनुसार स्नान करून शुद्ध व्हावे, अशी बोर्डिंगची अपेक्षा होती. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो ही कल्पनाच मान्य नसल्याने भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. बोर्डिंगचे प्रमुख त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे होते. ते स्वतः विद्वान व समाजहितैषी होते, परंतु बोर्डिंगचा नियम मोडणाऱ्या विद्यार्थ्याला ठेवून घेणे त्यांना अशक्य वाटले आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या वसतिगृहाचे दार आपल्यासाठी बंद व्हावे, ही जखम लहान नव्हती. मात्र त्या जखमेतून द्वेष उपजला नाही. कोणत्याही मुलाला ज्याचे दार बंद असणार नाही असे वसतिगृह उभारण्याची प्रेरणा त्यातून मिळाली.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या भाऊरावांना शाहू महाराजांच्या छत्राखाली आश्रय मिळाला. कुस्तीच्या आखाड्यात ते रमले, महाराजांची कार्यपद्धती त्यांनी जवळून पाहिली, परंतु अभ्यासात मात्र मागे पडले. गणितात अनुत्तीर्ण झाल्यावर वरच्या वर्गात घालण्याविषयी खुद्द महाराजांकडून सूचना आली असता, भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक वरच्या वर्गात नेता येईल, पण भाऊरावांना नेता येणार नाही, असे बाणेदार शिक्षकाने कळवले, अशी आठवण सांगतात. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण होऊ शकले नाही. लक्षावधी मुलांना शिकविणाऱ्या संस्थेचा संस्थापक स्वतः मॅट्रिकही नव्हता, ही गोष्ट मागे पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सत्यासाठी सोसलेला छळ

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात खासगी शिकवण्या केल्या आणि पाटील मास्तर म्हणून लौकिक मिळविला. तत्पूर्वी कुंभोजच्या एका सुखवस्तू पाटील घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई असे ठेवण्यात आले. संसाराची घडी बसत असतानाच १९१४ मध्ये डांबर प्रकरण उद्भवले. कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासण्यात आले आणि या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यासाठी खोटी साक्ष हवी होती आणि ती भाऊरावांनी द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला.

नियतीने घातलेला हा विलक्षण पेच होता. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगमधून बाहेर काढले, त्यांच्याविरुद्ध एक शब्द उच्चारला की कोठडीतून सुटका होणार होती आणि मनातला जुना राग असलाच तर त्याचेही उट्टे निघणार होते. भाऊरावांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांचा अनन्वित छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचा प्रयत्नही केला, परंतु असत्य साक्ष दिली नाही. अखेरीस त्यांची सुटका झाली. सत्य हे अणुव्रत आहे, असे आपण नित्य म्हणतो. ते व्रत स्वतःच्या देहावर झेलून दाखविण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. ज्यांच्यासाठी भाऊरावांनी हे सोसले, ते अण्णासाहेब लठ्ठे पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. वैर धरण्यास सबळ कारण असतानाही क्षमाभाव टिकवून धरणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी क्षमावाणीच्या दिवशी हा एक प्रसंग आठवला तरी पुरे.

नांगराबरोबर गावोगाव

यानंतर भाऊरावांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करण्याचे काम पत्करले. नांगर विकण्यासाठी ते सातारा-सांगलीच्या परिसरात खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसले, त्याची भाकरी खाल्ली, त्याच्या कर्जाची कहाणी ऐकली. लोखंडी नांगराने जमीन खोलवर उलटते, परंतु सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता येत नसेल तर पिकलेले धान्य घरात राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे सातारा रोड येथील कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी मोठा वाटा उचलला, परंतु शिक्षणकार्यासाठी मिळावयाच्या साहाय्याच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि ते तेथून बाहेर पडले. व्यापारात त्यांना यश मिळाले असते. त्यांनी त्या यशाकडे पाठ फिरविली.

शिक्षणकार्याचा पहिला प्रयोग याआधीच, १९१० मध्ये, दुधगाव येथे झाला होता. समविचारी मित्रांच्या साहाय्याने तेथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्यात आला. राजवाड्यातील वर्षासन नाही, श्रीमंत सावकाराची ठेव नाही, अशा स्थितीत मुलांच्या पोटाची सोय कशी करावयाची, हा प्रश्न लोकांच्या मुठीने सोडविला. प्रत्येक घरातील स्त्रीने रोजच्या दळणातून मूठभर धान्य वेगळे ठेवावयाचे आणि ठरलेल्या दिवशी ते गोळा करून आश्रमात पोहोचवावयाचे, हाच तो मुष्टिफंड. ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नाही अशी समजूत होती, तेच या योजनेत दाते ठरले.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या दिवशी कराड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक विचारांच्या कार्यकर्त्यांच्या साक्षीने, भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कष्ट करणारी सामान्य जनता. संस्थेच्या नावातच तिचे ध्येय सामावलेले आहे. महात्मा फुले यांचा विचार आणि शाहू महाराजांची कृती या दोहोंचा संगम या संस्थेत झाला. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी मुले एकाच चुलीवरचे अन्न खाऊ लागली. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, भाजीपाला पिकविणे ही कामे मुले पाळीपाळीने करीत. जातिभेद वाईट आहे असे व्याख्यान तेथे द्यावे लागत नसे, कारण एकमेकांच्या हातची भाकरी खाणाऱ्या मुलांना ते वेगळे शिकवावे लागत नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. गांधीजींना साबरमती येथे जे साधता आले नव्हते ते भाऊरावांनी साताऱ्यात साधले, असा गौरव त्यांनी केल्याचे सांगितले जाते. १९३२ मध्ये, पुणे कराराच्या वर्षी, पुण्यात युनियन बोर्डिंगची स्थापना झाली. स्पृश्य आणि अस्पृश्य यांनी एकत्र राहावे, ही त्या करारामागील भावना भाऊरावांनी विद्यार्थ्यांच्या निवासात उतरविली.

लक्ष्मीबाईंचा त्याग

या सर्व कार्यात ज्यांचे नाव भाऊरावांच्या आधी घ्यावयास हवे, त्या म्हणजे सौ. लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेली ही जैन गृहिणी होती. माहेर सुखवस्तू, अंगावर भरपूर सोने. पती घरात नाना जातींची मुले आणू लागला, तेव्हा आरंभी त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, याची कल्पना त्या काळातील घरे पाहिलेल्यांना करता येईल. परंतु दाराशी आलेल्या उपाशी मुलाचा चेहरा पाहिल्यावर सोवळ्याचा विचार मागे पडला. ती मुले हळूहळू त्यांची मुले झाली. त्यांच्या दुखण्याखुपण्यात त्या रात्री जागल्या, त्यांना न्हाऊ-माखू घातले आणि स्वतःच्या हाताने त्यांना वाढले.

बोर्डिंगचा खर्च वाढत गेला आणि लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिने एकामागून एक सराफाच्या पेढीकडे गेले. एकदा भाऊराव निधी गोळा करण्यासाठी परगावी गेले होते. कोठीतील धान्य संपले. मुले जेवणाची वाट पाहत होती. अंगावर आता केवळ मंगळसूत्र उरले होते. पती हयात असताना सौभाग्यवतीने मंगळसूत्र उतरविणे हे अमंगळ मानले जाई. लक्ष्मीबाईंनी ते उतरविले आणि मुलांच्या जेवणासाठी विकावयास दिले. त्या दिवशी मुले उपाशी झोपली नाहीत. अपरिग्रहाची याहून उंच पायरी गृहस्थाश्रमात क्वचितच आढळेल.

१९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ज्या वटवृक्षाच्या मुळाशी त्यांनी आपले सौभाग्यलेणे वाहिले, त्याच्या पारंब्या महाराष्ट्रभर पसरलेल्या पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांनी कोणतेही पद भूषविले नाही, कोणत्याही सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारले नाही. परंतु त्यांच्या नावाने पुढे शिक्षणोत्तेजक पतपेढी उभी राहिली आणि उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना तिच्यातून कर्जाऊ साहाय्य मिळू लागले. सोलापूर येथील संस्थेच्या महिला महाविद्यालयालाही लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले आहे. पतपेढीतून घेतलेली रक्कम विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर परत करावयाची आणि ती पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यावयाची, अशी ही व्यवस्था. विकलेले मंगळसूत्र अशा रीतीने पिढ्यान्पिढ्या मुलांच्या उपयोगी पडत राहिले. निष्ठावान सेविकेचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असणार?

स्वावलंबनातून शिक्षण

भाऊरावांना फुकटचे दान देऊन मुलांना मिंधे करावयाचे नव्हते. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. म्हणून त्यांनी कमवा आणि शिका ही योजना अमलात आणली. विद्यार्थ्याने शेतात, बागेत, बांधकामावर ठरावीक तास श्रम करावयाचे आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्याच्या जेवणाचा व शिक्षणाचा खर्च भागावयाचा. माळरानावरील दगडगोटे वेचून मुलांनी जमीन लागवडीस आणली, विहिरी खोदल्या, आपल्या शाळांच्या भिंती स्वतः उभारल्या. शिष्यवृत्ती ही अशा प्रकारे घामातून मिळू लागली. ज्या मुलाने दिवसा कुदळ चालविली आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्याला पुढील आयुष्यात कोणत्याही कामाची लाज वाटली नाही.

१९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यात शाळा काढावयाच्या तर खेड्यात राहण्यास तयार असलेला शिक्षक हवा, हे त्यामागील कारण होते. त्यानंतर जेथे सरकारी शाळा पोहोचल्या नव्हत्या अशा डोंगराळ वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा निघाल्या. देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत, प्रसंगी झाडाखाली वर्ग भरत. तुटपुंज्या वेतनावर, कित्येकदा गावकरी देतील त्या शिध्यावर, तरुण शिक्षकांनी या शाळा चालविल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज ही निवासी व विनाशुल्क शिक्षण देणारी विद्यालये स्थापन झाली. खेड्यातील मुलाला पदवीपर्यंतचा मार्ग खुला झाला.

सेवकांची फळी

एकटा माणूस वृक्ष लावतो, पण वनराई एकट्याने वाढत नाही. भाऊरावांचे खरे सामर्थ्य त्यांनी घडविलेल्या माणसांत होते. बोर्डिंगमध्ये शिकलेले अनेक विद्यार्थी इतरत्र अधिक वेतनाच्या जागा सहज मिळत असतानाही संस्थेचे आजीव सेवक झाले. त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे अल्प मानधनावर संस्थेला वाहिली. बॅ. पी. जी. पाटील हे याचे ठळक उदाहरण. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेला हा विद्यार्थी विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला आणि वकिलीतील वैभवाचा मोह टाळून संस्थेच्या सेवेत परतला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. साताऱ्याचे वकील इस्माईलसाहेब मुल्ला यांनी संस्थेसाठी आपले ज्ञान व वेळ खर्ची घातला. संस्थेच्या साताऱ्यातील विधी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. जैन संस्थापकाच्या संस्थेत मुसलमान सेवकाचे नाव आदराने कोरले जाते, हीच रयतेची परंपरा होय.

सेवकांच्या नावाचा मान राखण्याबाबत भाऊराव किती दक्ष होते, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. महाविद्यालयाला दिलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव बदलल्यास मोठी देणगी देण्याची तयारी एका धनिकाने दर्शविली. संस्थेला पैशांची निकड होती. तरीही भाऊरावांनी ती देणगी नाकारली. वेळ पडल्यास आपण आपल्या वडिलांचे नाव बदलू, पण शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही, असे त्यांनी त्या धनिकास ऐकविल्याचे प्रसिद्ध आहे. नाव हे विकावयाची वस्तू नसून घेतलेल्या प्रेरणेची पावती आहे, अशी त्यांची धारणा होती.

कसोटीचा काळ

स्वातंत्र्यानंतर संस्थेवर मोठे संकट कोसळले. महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या प्रक्षुब्ध वातावरणात भाऊरावांनी केलेल्या कथित टीकेमुळे तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शेकडो शाळा व वसतिगृहांतील हजारो मुलांचा प्रश्न उभा राहिला. ज्या संस्थेची सुरुवातच अनुदानाशिवाय झाली होती, ती पुन्हा लोकांच्या दारी गेली. ग्रामस्थांनी धान्य दिले, शिक्षकांनी वेतनाची वाट पाहिली, विद्यार्थ्यांनी श्रमाचे तास वाढविले. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे या गरीब मुलांची बाजू मांडली आणि कालांतराने अनुदान पूर्ववत सुरू झाले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या संताने भाऊरावांवर निरपेक्ष प्रेम केले. १९५४ मध्ये कराड येथे स्थापन झालेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव देऊन भाऊरावांनी ती कृतज्ञता चिरंतन केली.

या काळात एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारी साहाय्य हे संस्थेचे बळ वाढवते, परंतु तिचा प्राण लोकांच्या आपलेपणात असतो. ज्या गावाने मूठभर धान्य दिले आहे, ते गाव आपली शाळा बंद पडू देत नाही.

अखेरचे पर्व

खादीचा जाडाभरडा वेश, खांद्यावर घोंगडी, हाती काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि अनवाणी पाय, अशी भाऊरावांची मूर्ती अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी प्रेमाने दिली. १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा सन्मान केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या पुरुषापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या निधनसमयी संस्थेच्या कार्याचा विस्तार ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये इतका झाला होता. स्वतःच्या नावावर मात्र त्यांनी काहीही ठेवले नव्हते. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि २०२१ मध्ये साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. पारंबी जमिनीत रुजते आणि स्वतःच खोड बनून पुढच्या फांदीला आधार देते. शिकलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या विद्यार्थ्याला आधार द्यावा, हा अर्थ त्या चिन्हात भरलेला आहे.

वारसा

समाजाच्या अनेक संस्था आज शिष्यवृत्ती निधी उभारतात. ज्यांनी आयुष्यभर मंदिराची, पाठशाळेची, वसतिगृहाची किंवा रुग्णांची निःस्वार्थ सेवा केली, अशा स्थानिक कार्यकर्त्यांच्या नावाने हे निधी उभारले जातात, ही अत्यंत स्तुत्य प्रथा आहे. कर्मवीरांचे जीवन अशा प्रत्येक निधीला काही दिशा दाखविते. शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती ज्याच्या नावाने मिळाली त्या सेवकाचे कार्य ठाऊक असावे, म्हणजे रकमेबरोबर संस्कारही पोहोचतो. मोठ्या देणगीबरोबरच लहान देणगीचाही आदराने स्वीकार व्हावा, कारण मुष्टिफंडातील मूठ ही देणाऱ्याच्या घासातून आलेली असते. साहाय्य देताना घेणाऱ्याचा स्वाभिमान जपला जावा. आणि गरजू विद्यार्थी कोणत्या घरात जन्मला, हा प्रश्न शेवटी विचारला जावा, शक्य तर विचारलाच जाऊ नये. एके काळी ज्याच्यासाठी आपल्याच वसतिगृहाचे दार बंद झाले होते, त्या जैन तरुणाने सर्वांसाठी उघडलेले दार आजही उघडे आहे, ही आपल्या समाजाच्या अभिमानाची आणि तितकीच आत्मचिंतनाची गोष्ट आहे.

संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे हा कृतार्थतेचा टप्पा असतो. अशा वेळी हिशेब मांडावयाचा तो ठेवींचा आणि इमारतींचा तर खराच, परंतु त्याबरोबर किती चुलींवर मुलांसाठी भाकरी भाजली गेली, किती हातांनी न मागता सेवा केली आणि त्यांतील किती नावे आपण विसरलो, याचाही हिशेब व्हावयास हवा. कर्मवीर भाऊराव पाटील आणि मातोश्री लक्ष्मीबाई यांनी दिलेला हा धडा आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चारही दानांचा संगम साधणाऱ्या या पुण्यशील दांपत्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!